चौथीतल्या पोरीला 'मोठी' म्हणू नका

गेल्या श्रावणात अमळनेरजवळच्या आमच्या गावी भावाच्या घरी कानबाई, आमची खानदेशी देवी, बसली होती. सोमवारी विसर्जनाला डफ वाजायला लागले, बाया कानबाई डोक्यावर घेऊन नाचत नदीकडे निघाल्या. माझी भाची मात्र मागच्या खोलीत गोणपाटावर बसलेली. महिनाभर ती या नाचण्याची वाट बघत होती. रविवारी रात्री तिला पाळी आली. वय वर्षे ९, इयत्ता चौथी.

मी आत गेले तर म्हणाली, "फुई, मी काय कयं?"

'आत्या, मी काय केलं?' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओट्यावर तोपर्यंत बातमी फिरलीच होती, "पोर मोठी व्हई गयी."

कुठे मोठी झाली हो? तिला अजून बुटाची नाडी धड बांधता येत नाही.

आम्हाला आधीच कळायला हवं होतं. एप्रिलमध्ये पारा ४४ वर असताना ती गणवेशावर स्वेटर घालून सकाळच्या शाळेत जायची. दप्तर पाठीवर न घेता छातीशी धरायची. लंगडी खेळणं सोडलं होतं. आम्हाला वाटलं, पोर हट्टी झाली. ती अंग लपवत होती, आणि कोणाला सांगायचं तेही तिला कळत नव्हतं.

आठ वर्षांच्या आत मुलीच्या छातीची वाढ सुरू झाली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. पाळीची वाट बघत थांबायचं नाही, कारण पाळी साधारण दोन-अडीच वर्षांनी येते. डॉक्टर डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. अशा मुली आधी भराभर उंच होतात, मग हाडांची वाढ लवकर थांबते आणि उंची खुंटते. गरज असेल तर हे लवकर वयात येणं काही काळ थांबवणारी इंजेक्शनं असतात, पण ती वेळेत सुरू झाली तर जास्त उपयोग. बहुतेक मुलींमध्ये नेमकं कारण सापडत नाही. वाढत्या वजनाशी संबंध दिसतो. आमच्याकडे मात्र सगळा दोष ब्रॉयलर कोंबडीवर टाकून मोकळे होतात.

भाचीच्या तपासण्यांत काही वावगं निघालं नाही. पण मनाचा एक्स-रे निघत नाही ना! लवकर वयात आलेल्या मुलींमध्ये उदासी, चिंता, स्वतःच्या शरीराचा तिटकारा जास्त आढळतो, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. शरीर पुढे गेलं, समज नऊ वर्षांचीच. त्यात लोक तिला तेरा-चौदाची समजतात. रस्त्यावरच्या नजरा, वर्गातली चिडवाचिडवी, घरात "पाय जवळ घेऊन बस". शाळेत गॅदरिंगच्या नाचातून तिला काढलं, "बरं दिसत नाही" म्हणून. कोणाला बरं दिसत नव्हतं?

शासनाचं गणितही इथेच चुकतं. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना स्वस्त पॅड देणारी अस्मिता योजना २०१८ मध्ये आली, ती ११ ते १९ वयासाठी होती. किशोरवयीनांचा केंद्राचा आरोग्य कार्यक्रम १० ते १९ साठी. चौथीतली नऊ वर्षांची पोर कुठेच बसत नाही. चौथीपर्यंतच्या किती शाळांत मुलींच्या संडासात झाकणाचा डबा आहे, गुरुजींनो, एकदा बघा.

वहिनीला मी दोष देत नाही. तिच्या आईने तिला जे केलं, तेच तिने केलं. नंतर आम्ही दोघींनी मिळून भाचीला सगळं समजावलं. तिने एकच विचारलं, "मंग मी लंगडी खेळू शकते का?"

भाद्रपदात मुलींच्या गाण्या-टिपऱ्यांची भुलाबाई बसली तेव्हा वहिनीने स्वतः तिच्या हातात टिपऱ्या दिल्या. यंदाच्या श्रावणात कानबाईचा सोमवार तिच्या पाळीत आला तरी ती नदीपर्यंत नाचत जाणार आहे. वहिनीशी आणि तिच्या सासूबाईंशी, म्हणजे माझ्या आईशीही बोलणं झालंय.