त्या म्हातारीला कुणी टाकलेलं नाही

गेले काही दिवस सोलापूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सोबत फोटो आहे: रबरी डांगरी घातलेली, हातात शेवंड (लॉबस्टर) धरलेली एक म्हातारी. मजकूर असा की अमेरिकेतली ही १०१ वर्षांची बाई पोटासाठी पहाटे समुद्रात जाते, कारण मुलांनी तिला वाऱ्यावर सोडलंय. वर असंही की होडी-जाळं हे मुळात बाईमाणसाचं काम नव्हे. आणि शेवटची ओळ, आपल्याकडे कुठल्याच आजीवर अशी वेळ येत नाही, संस्कृती जपा, पुढे पाठवा.

तिचं नाव मात्र मेसेजमध्ये नाही. ती व्हर्जिनिया ऑलिव्हर. जन्म ६ जून १९२०, गाव रॉकलंड, अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यातलं, पेनॉबस्कॉट उपसागराच्या काठावरचं. २०२१ साली तिची बातमी जगभर गेली तेव्हा मेनमध्ये शेवंड पकडण्याचा परवाना असलेली सगळ्यांत वयस्क व्यक्ती म्हणून ती ओळखली जात होती.

आता पहिला दावा, मुलांनी सोडल्याचा. तिच्यासोबत होडीत असायचा तो मॅक्स, तिचा सख्खा मुलगा, आणि तोही तेव्हा सत्तरी ओलांडलेला. ती पहिल्यांदा शेवंड धरायला गेली ती साधारण आठव्या वर्षी, वडिलांबरोबर. पुढे लग्न झालं, चार मुलं झाली, मधली बरीच वर्षं तिनं छापखान्यात नोकरी केली. मग ती नोकरी सोडून नवऱ्याबरोबर पुन्हा पाण्यावर आली. २००६ साली नवरा गेला, तरी ती थांबली नाही. नवऱ्याच्या त्या होडीचं नावही 'व्हर्जिनिया'च. एकदा खेकड्यानं बोट असं फाडलं की सात टाके पडले. या वयात तिथं कशाला जाता, असं डॉक्टरांनी विचारल्यावर तिनं सांगितलं की मला जायचं असतं म्हणून जाते. यात लाचारी कुठे दिसते? मला तरी दिसत नाही.

दुसरी गोष्ट मेसेजच्या अनुषंगानं ऐकू येते. पिंजऱ्यात शेवंड आपसूक येते, म्हातारी नुसती बसून असणार. ज्यांनी मासळीला हात लावलेला नाही त्यांनाच हे सुचू शकतं. पिंजरा वर ओढायचं काम मॅक्स करायचा. आमिषाच्या तेलकट माशांनी पिशव्या भरणं, आलेली प्रत्येक शेवंड मोजणं, तिच्या नांग्यांना रबर चढवणं हे व्हर्जिनियाचं. मेनच्या शेवंडीला खेकड्यासारख्या जाड नांग्या असतात, बोट सापडलं की खेळ संपला. मोजमाप तर कायद्याचंच आहे. कवच सव्वातीन इंचांहून लहान असेल तर परत पाण्यात, पाच इंचांहून मोठं असेल तरी परत पाण्यात. अंड्यांवर आलेली मादी सापडली तर तिच्या शेपटीला खाच पाडून सोडायची, म्हणजे पुढे कुणाच्या हाती लागली तरी ती बिनअंड्याची असतानाही धरता येत नाही. हा निवाडा हलत्या होडीत, दर शेवंडीला, झटकन करावा लागतो. आपल्या उजनी धरणात बारीक आसाच्या जाळ्यांनी बोटभर पिल्लं उपसली जातात त्याबद्दल हळहळणाऱ्यांनी या म्हातारीच्या हातातली मोजपट्टी आधी बघावी.

बाईमाणसाचं काम नव्हे, या दाव्यावर फार वेळ घालवायला नको. कोरियाच्या जेजू बेटावर हेन्यो बायका श्वास रोखून समुद्राच्या तळाशी उतरतात, त्यांतल्या कित्येक साठी-सत्तरीच्या पुढच्या. २०१६ साली युनेस्कोनं ती परंपरा आपल्या वारशाच्या यादीत घेतली. केरळच्या के. सी. रेखा यांना खोल समुद्रातल्या मासेमारीचा परवाना मिळालेली देशातली पहिली महिला म्हणून २०१७ साली गौरवलं गेलं. आणि प्रत्यक्ष मासे धरणारे व वाढवणारे घेतले, तर जगभरात त्यांत सुमारे पाचातली एक बाई आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे २०२० सालचे आकडे सांगतात.

मला खरी चीड आली ती शेवटच्या ओळीची. आपल्याकडे अशी वेळ येत नाही! हे लिहिणारा माणूस करमाळा तालुक्यात केत्तूर, कुगाव, चिखलठाणच्या बाजूला पहाटे पाण्याकडे गेलाच नसावा. उजनी धरण १९८० साली पुरं झालं, भीमाकाठची गावं, शेतं पाण्याखाली गेली, आणि काही घरांनी त्याच पाण्यात पोट शोधलं. संध्याकाळी जाळं सोडायचं, उजाडायच्या आत काढायचं. नवरा जाळं सोडतो तेव्हा वल्हं कुणाच्या हातात असतं? जाळ्यात अडकलेली चिलापी एकेक करून सोडवायची, तिच्या पाठीवरच्या काट्यांनी बोटं सोलून घ्यायची, मरळ वेगळी, कटला-रोहू वेगळा करायचा, भिगवणच्या बाजाराची गाडी गाठायची, दुपारी फाटलेलं जाळं विणत बसायचं, हे कोण करतं? घरातली बाई करते, आणि सासू झाली, आजी झाली म्हणून ते सुटत नाही. उन्हाळ्यात साठा उणेत गेला, म्हणजे धरणातलं वापरायचं पाणी संपलं, की पाणी आत सरकतं, तेव्हा गाळ तुडवत होडीपर्यंत जाणाऱ्यांत पांढऱ्या केसांच्या बायका असतात.

आणि उजनी म्हणजे शांत तळं नव्हे. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. त्याच पाण्यावर या बायका रोज जातात.

फरक आहे, पण मेसेज सांगतो तो नाही. व्हर्जिनियाकडे स्वतःच्या नावाचा परवाना होता, म्हणून शंभरीतही ती मच्छीमार म्हणून मोजली गेली. आपल्याकडे होडी घरधन्याच्या नावावर, मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व घरधन्याच्या नावावर. तो गेला की मुलाच्या. पन्नास वर्षं पाण्यावर काढलेली बाई कागदोपत्री गृहिणी. याची किंमत रोख पैशांत मोजावी लागते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत वैयक्तिक लाभाच्या कामांना सर्वसाधारण गटाला ४० टक्के अनुदान आहे आणि महिलांना ६० टक्के, पण ती महिला मच्छीमार म्हणून आधी कागदावर यायला हवी ना. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्यानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतात जसं सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई शेतकरी ठरत नाही, तेच इथंही होणार असेल तर उजनीकाठच्या आजीला त्या दर्जाचा उपयोग काय?

काठावरच्या गावांत ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी एवढं करावं. गावच्या मच्छीमार सोसायटीच्या सभासद यादीत बायकांची नावं किती आहेत ते विचारावं, आणि नसतील तर पुढच्या सभेत विषय घ्यायला लावावा. मेसेज पाठवायचाच असेल तर त्यात व्हर्जिनिया ऑलिव्हर हे नाव घाला, मुलांनी टाकल्याचं वाक्य काढा, आणि शेवटच्या ओळीच्या जागी आपल्या गावातल्या, आजही जाळ्यावर जाणाऱ्या बायका किती आहेत तो आकडा लिहा.