तीन लिटरात खोली? आधी टेप लावा

दिवाळी जवळ आली की सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास येतो : ‘रंगारी लुटतात, हिशोब स्वतः करा. कार्पेट एरिया गुणिले साडेतीन, भागिले 140, झाले रंगाचे लिटर. दारं-खिडक्या वजा करायला विसरू नका. कमी पडलाच तर त्याच शेड नंबरचा छोटा डबा आणा.’ आमच्या 12 बाय 10च्या खोलीला या हिशोबाने 3 लिटर पुरतात. रंगारी 10 म्हणाला होता. म्हणजे चोरच की!

टेप लावली. चार भिंतींचा घेर 44 फूट, उंची 10, भिंती झाल्या 440 चौरस फूट. छत 120. एकूण 560, म्हणजे जमिनीच्या साडेचार पटीहून जास्त. साडेतीनचा आकडा हवेतला नाही. अख्ख्या फ्लॅटचं ढोबळ कोटेशन देताना तो चालतो. 20 बाय 12च्या हॉललाही जवळपास जुळतो. पण 6 बाय 5चं देवघर घ्या. भिंती 220, छत 30, जमीन मात्र 30च. आठ पटीच्या वर गेलं! खोली लहान होते तेव्हा जमीन झपाट्याने घटते, घेर तेवढा घटत नाही. त्यातून छताला बहुधा पांढरा, भिंतींना शेड, मग दोन्हींचे लिटर एकत्र काढून उपयोग काय?

खरी गफलत 140मध्ये आहे. प्लास्टिक इमल्शनच्या, म्हणजे पाण्यात कालवायच्या भिंतीच्या रंगाच्या, डब्यावर लिटरला 120-140 चौरस फूट असं काहीतरी छापलेलं असतं, पण सहसा ते एका हाताचं, म्हणजे एका थराचं, आणि गुळगुळीत, प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारलेल्या भिंतीचं. मेसेजवाल्याने वरचा आकडा उचलला आणि हात एकच मारला! काही डब्यांवर दोन हातांचा आकडा असतो, म्हणून ती बारीक ओळ वाचायचीच. लांबी (पुट्टी) भरून पॉलिश पेपर मारलेल्या कोऱ्या भिंतीला प्रायमर नसेल, तर पहिला हात ती पिऊन टाकते. रोलर फिरवल्यावर ओला पट्टा बघता बघता कोरडा पडतो. ‘पाणी घालून वाढवा’ म्हणणारेही भेटतात. पाण्याचं प्रमाण डब्यावर असतं. त्याहून पातळ केला की खालचा जुना रंग डोकावतो आणि तिसरा हात मारावा लागतो.

दारं-खिडक्या? 7 बाय 3चं दार 21, 4 बाय 4ची खिडकी 16. वजा 37. करा खुशाल.

छोट्या डब्याचा सल्ला मात्र महागात पडतो. मशीनवर मिसळलेली शेड दुसऱ्या खेपेला किंचित वेगळी येऊ शकते, आणि भिंतीच्या मध्यावर जोड आला तर ट्यूबलाइटखाली रेघ दिसते. सगळे डबे आधी एका बादलीत एकत्र करावेत. नवा आणावाच लागला, तर जोड कोपऱ्यात घ्यावा.

आमचा हिशोब : भिंती 403, दोन हात, लिटरला 130 धरून सव्वासहा लिटर. छताला पावणेदोनच्या थोडं वर. शेडचा बेस 4 लिटरच्या डब्यात 3.6 लिटरच भरलेला असतो, रंगद्रव्याला जागा ठेवून. असे दोन डबे आणि पांढऱ्याचे 2 लिटर घेतले. एकूण 9.2. रंगाऱ्याने टेप न लावता 10 सांगितले होते. उरलेला लिटरभर रंग घट्ट झाकण लावून माळ्यावर ठेवलाय. स्विचबोर्डभोवती हात लागून काळं झालं की लागेल.