नाडी लागली का, सिस्टर?

मनगटावरची नाडी कुणालाही सापडते, सिनेमातल्या डॉक्टरलासुद्धा. माझी सत्त्वपरीक्षा पेशंटच्या पायाशी असते. पावलाच्या पाठीवरून जाणारी ही धमनी म्हणजे डोर्सालिस पेडिस, वॉर्डच्या भाषेत डीपी. 'डीपी लागत नाही' असं नर्स म्हणाली, की गावाकडच्या नातेवाइकांना वाटतं लाईट गेली.

आधी पायाचा अंगठा वर उचलायला लावायचा. अंगठ्याची दोरी ताणून दिसते. तिच्या करंगळीकडच्या बाजूला दोन-तीन बोटं ठेवायची आणि अंगठा सैल सोडायला सांगायचं. मी म्हणते, "आजोबा, अंगठा वर करा." आजोबा डावा हात पुढे करतात, "शाई कुठाय?"

जोर लावला तर धमनी दबून नाडी बंद, हात हलका ठेवला तर लागत नाही. मग एकदम टकटक लागते. इथे आनंद करायचा नाही, ती बहुधा माझीच असते. आपल्या बोटांत आपलीही नाडी उडते. म्हणून तर अंगठ्याने नाडी बघायची नाही. खातरजमेसाठी एक हात पावलावर ठेवून दुसऱ्याने आपल्याच मानेची नाडी बघावी. ठोके जुळले तर सापडलेली नाडी आपली. समोरून बघणाऱ्याला मात्र मी पेशंटचे पाय धरून गळ्याशपथ घेतेय असं वाटतं.

एसीत पाय गारठला की रक्तवाहिन्या आकसतात. अशा वेळी पाय पांघरुणात गुंडाळून पाच-दहा मिनिटं थांबावं. काही धडधाकट माणसांतही ही नाडी जन्मापासून हाताला लागत नाही. मग मुक्काम आतल्या घोट्याच्या मागे, किंचित खाली. तिथे आजींचे पैंजण असतात. तिथून गुडघ्यामागची खळगी: गुडघा जरा वाकवून दोन्ही अंगठे पुढे ठेवायचे, बाकी बोटं मागे खोल रुतवायची. ही नाडी लपायला सर्वांत हुशार.

शेवटी जांघ. इथे मराठी भाषा वैऱ्यासारखी वागते. "काका, नाडी बघायची आहे, जरा नाडी सैल करा." काका आधी काकूंकडे बघतात, मग माझ्याकडे.

नखाचा रंग बघणं त्या मानाने सोपं. नख पाच सेकंद दाबून सोडायचं, दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. फक्त नातीने आजींना लावलेलं नेलपॉलिश आधी काढावं लागतं, आणि आजी ते काढू देत नाहीत.

लिहिण्यातही भानगड आहेच. नाडीच्या जोराला आकडा द्यायचा: 0 ते 3 च्या पट्टीत 2 म्हणजे नॉर्मल, पण काही ठिकाणी पट्टी 0 ते 4 ची, तिथे 4 म्हणजे नॉर्मल. म्हणून नुसतं '2' न लिहिता '3 पैकी 2' लिहावं, आणि दोन्ही पायांचं लिहावं. अँजिओग्राफीच्या आधी तर नक्कीच. नंतर नाडी लागली नाही, तर ती आधी होती का, हे त्या कागदाशिवाय कोण सांगणार?

पण पाय अचानक दुखू लागला, पांढरा आणि गार पडला, बधिर झाला, काल लागणारी नाडी आज नाही, तर शोधाशोध बंद. थेट सर्जनला फोन. साधारण सहा तासांत स्नायू मरू लागतात.

एरवी बोटं हरली की डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह आवाजात ऐकवणारं छोटं यंत्र. जेल लावायचं, 8 मेगाहर्ट्‌झचं प्रोब 45 ते 60 अंशांत कलतं धरायचं, दाबायचं नाही, केसाएवढं सरकवत राहायचं. बॅटरी जिवंत असेल तर 'शूप-शूप' आवाज येतो आणि सगळी खोली सुटकेचा श्वास सोडते. लगेच जेल पुसून तिथे पेनने ठसठशीत फुली मारायची, म्हणजे पुढच्या ड्युटीच्या सिस्टरचा अर्धा तास वाचतो.

सकाळी स्पंजिंग झालं की मावशी अभिमानाने सांगतात, "आजोबांच्या पायावर शाईचा डाग होता, साबणाने घासून काढला बघा!"