चिखल आणि प्रारब्ध

काल संध्याकाळी ठाणे स्टेशनाबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभा होतो. एक पांढरी गाडी खड्ड्यातून सुसाट गेली आणि माझी इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत माखली. गाडीवाल्याने काचसुद्धा खाली केली नाही. असो. पावसाळ्यात एवढं चालायचंच.

पण मागचे काका! त्यांच्या छत्रीची एक काडी निखळलेली. ते तावातावाने बोलू लागले की ती थेट माझ्या कानात शिरायची.

"चिडू नका. यातही त्याची काहीतरी योजना असणार."

"कोणाची, गाडीवाल्याची?"

"वरच्याची हो! पुढे मोठा अपघात असेल, चिखलावर निभावलं."

"मग अपघातच रद्द करायचा ना!"

"तसं नसतं. ते ज्याच्या त्याच्या कर्मावर." काडी पुन्हा कानात.

कर्म निघालं की थेट शंकराचार्यांशी गाठ. ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात त्यांनी ईश्वराला पावसाची उपमा दिलीय. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, भात उगवायचा की जव हे बी ठरवतं. म्हणून ईश्वर पक्षपाती नाही आणि निर्दयही नाही. घरी पंख्याखाली हे पटतं. ओल्या पँटीत पटत नाही, कारण त्या हिशेबाने चिखल माझ्याच बियाण्यात होता!

तिकडे जर्मनीत लाइब्निट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १७१० साली मांडलं होतं, की शक्य तेवढ्या सगळ्या जगांत आपलं हेच सर्वोत्तम. पुढे १ नोव्हेंबर १७५५ला, ऐन सणाच्या सकाळी, पोर्तुगालमधल्या लिस्बनची माणसं चर्चमध्ये असताना भूकंप झाला. मग समुद्र आत घुसला, उरलंसुरलं आगीत गेलं. काका तिथेही म्हणाले असते, "निभावलं."

देवाशी माझं भांडण नाही. पण हा खड्डा काही देवाने खणलेला नाही. रस्त्याचं टेंडर निघालं, कुणीतरी बिलावर सही केली, आणि पहिल्या पावसात डांबर वाहून गेलं. आपण 'प्रारब्ध' म्हणून मोकळे झालो की तो सहीवालाही मोकळा. भक्तीचा एवढा फायदा भक्ताला तरी कधी होतो का?

रिक्षा आली. नंबर माझा होता, पण मी पँट झटकेपर्यंत काका मागच्या तिसऱ्या सीटवर विराजमान. मला ड्रायव्हरशेजारची चौथी मिळाली, म्हणजे एक मांडी आत, एक पावसात.

"बघा," मागून काका म्हणाले, "तुमचीही सोय केलीच की त्याने."

"अर्धीच?" मी विचारलं.

"सरकून बसा," ड्रायव्हर म्हणाला.