दार उघडं ठेवा, कुलूप खिशात ठेवा

सॉफ्टवेअर तयार आहे, गुंतवणूकदारांचे पैसे खात्यात आलेत, पण जाहिरातीवर दमडी खर्चायची नाही? मग ते ओपन सोर्स करून टाका, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघायला, बदलायला, वापरायला खुला. हा सल्ला मी अधिकारवाणीनं देतोय. गेल्या महिन्यात एका मंगळवारी रात्री साडेअकरा वाजता अशाच एका कंपनीच्या मार्केटिंगमध्ये मी पुरता गावलो. त्याबद्दल पुढे बोलूच. आधी तुमचं शिक्षण.

पहिला धडा शब्दाचा. 'फुकट' म्हणू नका. फुकट म्हटलं की लोकांना वाटतं, यात काहीतरी खोट असणार. 'ओपन' म्हणा. हा शब्द जन्मलाच मुळी मार्केटिंगच्या सोयीसाठी. प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन १९८३पासून 'फ्री सॉफ्टवेअर'चा धोशा लावून होते, आणि यातला 'फ्री' म्हणजे मोफत नव्हे, मुक्त, हे समजावता समजावता त्यांचा घसा बसला. १९९८च्या जानेवारीत नेटस्केपनं ब्राउझरचा कोड खुला करायचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात क्रिस्टीन पीटरसन यांनी 'ओपन सोर्स' हा शब्द सुचवला, तो कंपन्यांमधल्या साहेबलोकांनी बिचकू नये म्हणूनच. म्हणजे तुम्ही काही नवं पाप करत नाही, जुनीच वाट रुंद करताय. त्या शब्दाला पुढे दहा कलमांची व्याख्याही चिकटली, पण ती वाचायच्या भानगडीत पडू नका. मेटा तरी कुठे पडली? लामा २ ही एआय प्रणाली बाहेर काढली तेव्हा लायसन्समध्ये, म्हणजे वापराच्या अटींमध्ये, कलम घातलं की ज्यांचे महिन्याचे वापरकर्ते ७० कोटींच्या वर आहेत, त्यांनी आमच्याकडे वेगळी परवानगी मागायची. आणि वर पाटी लावली 'ओपन सोर्स'ची. व्याख्या सांभाळणारी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह म्हणत राहिली की हे ओपन सोर्स नव्हे. म्हणेना का. पाटी मोठ्या अक्षरात असते, खुलासा कुणी वाचत नाही.

गिटहब या कोडच्या चावडीवर स्टार, म्हणजे लाइक, हवेत. विकत मिळतात.

मग लँडिंग पेज. त्यावर 'समुदाय' हा शब्द किमान सहा वेळा यायला हवा, आणि एक लाल बदाम. 'डेव्हलपर्सनी, डेव्हलपर्ससाठी.' खाली योगदान देणाऱ्यांच्या गोल गोल फोटोंची नक्षी. ही माणसं तुमच्या पगारावर नाहीत, त्यामुळे फोटो जितके जास्त तितकं उत्तम. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला माणसं मिळतात का, अशी शंका काढू नका. मिळतात, रांगा लावून. एखादा टी-शर्ट दाखवा. २०२०च्या हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सच्या उत्सवात चार पुल रिक्वेस्टवर, म्हणजे कोडात बदल सुचवण्यावर, टी-शर्ट ठेवला होता, तर रीडमी या माहितीच्या फाइलीत एखादं विशेषण घुसडून पाठवणाऱ्यांची अशी झुंबड उडाली की आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलावे लागले. ते निस्तरलं कुणी? कोडची देखभाल करणाऱ्या मेंटेनर मंडळींनी, फुकटात. टी-शर्टवाल्याचं नाव मात्र झालंच ना.

आता सगळ्यात महत्त्वाचा धडा, सीएलए. म्हणजे योगदान देणाऱ्याकडून आधी एक करारनामा करून घ्यायचा, की माझ्या कोडचं लायसन्स पुढे तुम्ही हवं तेव्हा, हवं ते करा. हा कागद रुक्ष वाटतो, पण तुमच्या धंद्याचं खरं बियाणं हेच. कसं, ते उदाहरणानं सांगतो, म्हणजे माझ्यावरून.

सर्व्हरवर चालवायचं एक डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर. नाव घेत नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्या एक्सपोर्टमध्ये, म्हणजे नोंदी फाइलीत काढून घ्यायच्या सोयीत, एक बग होता: रात्री बारा ते साडेबारामधल्या नोंदी फाइलमध्ये आदल्या दिवसाच्या तारखेवर जाऊन बसायच्या. टाइमझोनमध्ये अर्धा तासही असू शकतो, हे लिहिणाऱ्याच्या गावीही नव्हतं. वरचा अर्धा तास तो बिनदिक्कत गिळत होता. मी दोन रविवार घालवले. त्रेचाळीस ओळी, त्यांतल्या तीस तर नुसत्या टेस्ट. मेंटेनरनं एका व्हेरिएबलचं नाव तीनदा बदलायला लावलं, बदललं. मग बॉट आला: आधी सीएलएवर सही करा. वाचला का मी तो? तुम्ही वाचता? टिचकी मारली, हिरवी खूण उमटली, कुणीतरी खाली टाळ्यांचा इमोजी टाकला आणि मी आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वर. माझाही गोल फोटो लागला त्या नक्षीत, तिसऱ्या रांगेत.

आता तो मंगळवार. दुसऱ्या दिवशी सकाळी महिन्याचा अहवाल द्यायचा होता. संध्याकाळी मी शहाणपणानं अपडेट केलं होतं. आवृत्तीच्या आकड्यातला शेवटून दुसरा अंक बदलला होता, म्हणजे घाबरायचं काही कारण नाही, असा आपला समज. रात्री एक्सपोर्टच्या बटणावर गेलो तर बटणावर इवलंसं कुलूप. करड्या रंगाचं, गोंडस. 'ही सुविधा एंटरप्राइज आवृत्तीत उपलब्ध आहे. आमच्याशी संपर्क साधा.' चेंजलॉग, म्हणजे बदलांची यादी, उघडला. बाराव्या ओळीवर लिहिलं होतं: एक्सपोर्टचा अनुभव अधिक सुटसुटीत केला. सुटसुटीत! अरे, दार काढून भिंत घातलीत, हा कुठला सुटसुटीतपणा? जुन्या आवृत्तीवर परतावं, तर डेटाबेसचं मायग्रेशन, म्हणजे नव्या साच्यात रूपांतर, एकतर्फी. किंमत बघावी, तर किमतीच्या जागी फॉर्म. त्यात नाव, फोन नंबर, 'तुमच्या संस्थेत किती कर्मचारी आहेत?' आणि 'निर्णय तुम्ही घेता का?' निर्णय मी घेत असतो, तर रात्री साडेअकराला असले फॉर्म भरत बसलो असतो का? मग काय, कंटेनरच्या, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यात चालतं त्या डब्याच्या, आत शिरून डेटाबेसवर हातानं क्वेरी मारल्या आणि पहाटे तीनला अहवाल पुरा केला. बारा ते साडेबाराच्या नोंदी मात्र तारखेवर बरोब्बर होत्या. असणारच, क्वेरीतला तो हिशोब मला पाठ होता.

सकाळी साडेनऊला त्यांच्या विक्री विभागाचा मेल हजर. 'काल रात्री आपण एक्सपोर्टच्या पानावर सात वेळा आलात, असं आमच्या लक्षात आलं. या सुविधेचं महत्त्व आपण जाणता! पंधरा मिनिटं बोलू या का?'

जाणतो हो. मीच दुरुस्त केलीये ती, आणि कुलपात घालायची परवानगीही सीएलएवर मीच दिलीये.

असो. मी सल्ले देत होतो. सातवा की आठवा, मोजणं सुटलं. एकदाच लॉगिन करून सगळी सॉफ्टवेअरं उघडायची सोय, म्हणजे सिंगल साइन-ऑन, सर्वांत महागड्या पॅकेजमध्येच ठेवा; सुरक्षितता ही हौस आहे, हौसेला मोल नसतं.

लायसन्स बदलण्याची वेळ नीट साधा. आधी नाही, आधी सगळ्या जगाला तुमच्यावर अवलंबून होऊ द्या. मग एका सकाळी घोषणा करा, आणि घोषणेत 'खुलेपणा' हा शब्द हवाच. २०२१च्या जानेवारीत इलॅस्टिक या सर्च सॉफ्टवेअरच्या कंपनीनं खुलं अपाची लायसन्स सोडलं, तेव्हा लेखाच्या मथळ्यात आपण खुलेपणावर दुप्पट जोर देत असल्याचं सांगितलं होतं. ही खरी प्रतिभा. मोंगोडीबीनं २०१८मध्ये, हॅशिकॉर्पनं २०२३मध्ये, रेडिसनं २०२४मध्ये हेच आपापल्या परीनं केलं. लोक चिडून फोर्क, म्हणजे जुन्या खुल्या कोडची वेगळी चूल, काढतात, ओपनसर्च, ओपनटोफू, वाल्की, काढू द्या. हॅशिकॉर्पचं काय वाईट झालं? लायसन्स बदलल्यावर वर्षही उलटलं नव्हतं, तोवर आयबीएमनं ६.४ अब्ज डॉलरना विकत घ्यायचं जाहीर केलं. आणि फारच अंगाशी आलं तर परत या. इलॅस्टिक २०२४मध्ये आली, रेडिस २०२५मध्ये. दोघांनीही एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय ठेवला आणि आम्ही पुन्हा ओपन सोर्स झालो म्हणून स्वतःच आरती ओवाळून घेतली. जातानाही बातमी, येतानाही बातमी. एवढी प्रसिद्धी विकत घ्यायची तर किती पैसे पडतील, विचार करा.

ज्यांच्या खांद्यावर तुम्ही उभे आहात, त्या लायब्ररीवाल्यांना, म्हणजे तयार कोडचे तुकडे पुरवणाऱ्यांना, पैसे देऊ नका, सवय लागते. २०१४मध्ये हार्टब्लीड हा सुरक्षेतला बग सापडला, त्याआधी अर्ध्या इंटरनेटचं कुलूप सांभाळणाऱ्या ओपनएसएसएलला वर्षाला देणग्या मिळत जेमतेम दोन हजार डॉलरच्या. एवढ्यात एका परिषदेतला तुमच्या स्टॉलचा फलकही होत नाही. आणि एक्सझेड, ती फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी? दमलेल्या एकट्या मेंटेनरला मदतीचा हात देतो म्हणत कुणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास कमावला आणि २०२४मध्ये मागचं दार बसवलं. ते सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या माणसाला एसएसएचचं, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायचं, लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय म्हणून चैन पडेना! साऱ्या जगाची सुरक्षितता एका माणसाच्या चिकित्सकपणावर टांगलेली, आणि तुम्ही विचारताय, निर्णय तुम्ही घेता का?

नाही, पुरे झाला उपरोध. जमत नाहीये.

सॉफ्टवेअर विकायचंय ना? विका की! कोण नको म्हणतंय? धंदा करणं पाप नाही, पोरांचे पगार द्यायचे असतात, सर्व्हरचं बिल असतं, मलाही कळतं. मोठ्या क्लाउड कंपन्या तुमचा माल उचलून स्वतःच्या दुकानात मांडतात आणि तुम्हाला छदाम देत नाहीत, ही तुमची तक्रारही खरी आहे. पण त्यांचा राग माझ्यावर का काढता? मी कुठली क्लाउड कंपनी? मी दोन रविवार घालवणारा माणूस. पहिल्या दिवशीच पाटी लावायची होती: आज फुकट आहे, उद्या पैसे लागतील, एक्सपोर्ट आमच्याकडे राहील. मी वाचलं असतं, पटलं असतं तर वापरलं असतं, नसतं तर दुसरीकडे गेलो असतो. बग मात्र तुमचा तुम्ही शोधला असता. तुम्हाला दोन्ही हवं. दुकानदाराचा गल्ला हवा आणि वर लोकांनी समाजसेवक म्हणून पायही धरायला हवेत. आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि ही आयजी कोण, तर रात्रीची झोप मोडून टेस्ट लिहिणारे लोक. त्यांना तुम्ही 'समुदाय' म्हणता, आणि विक्रीच्या बैठकीत 'लीड', म्हणजे गटवायचं गिऱ्हाईक.

आणि हो, मी त्यांच्याकडे रीतसर इश्यूही, म्हणजे जाहीर तक्रार, टाकला होता. सभ्य भाषेत, एकच प्रश्न: एक्सपोर्ट का काढला, आणि काढायचाच होता तर आधी सांगितलं का नाही? खाली एकसष्ट जणांनी अंगठे टाकले. कंपनीतलं कुणी फिरकलं नाही. पंधराव्या दिवशी बॉट आला. 'चौदा दिवसांत काही हालचाल नाही, म्हणून हा इश्यू बंद करत आहोत. आपल्या योगदानाबद्दल आभार!'

हालचाल तुम्ही करायची होती, गाढवांनो. आणि तिसऱ्या रांगेतला माझा फोटो काढा आधी.