२८ दात आणि आम्ही चौघं

भुंकणारं कुत्रं चावत नाही, असं म्हणतात. आमचा लोण्या भुंकतच नाही. त्याला सवडच होत नाही. तोंडात कायम काहीतरी असतं आणि ते काहीतरी बहुतेक वेळा माझ्या अंगाला जोडलेलं असतं.

पिल्लू आणायचं ठरलं की लोक ज्या गोष्टींची भीती घालतात त्या सगळ्या निर्जीव असतात. चपला जातील, सोफा जाईल, पायपुसणं जाईल. चपला आमच्या शाबूत आहेत. त्यांच्यावर लोण्यानं एकदा दात टेकवून पाहिले आणि सोडून दिलं. बरोबरच आहे, चप्पल ओरडत नाही. मी ओरडतो.

त्याची पद्धत बघण्यासारखी असते. आधी येऊन मनगट चाटतो. मग मान तिरकी करून वर बघतो. तुम्ही विरघळता. त्याच क्षणी अंगठा आणि तर्जनीमधली ती पातळ कातडी पुढच्या दातांत नेमकी पकडली जाते आणि मागच्या पायांवर जोर देऊन ओढली जाते. एवढं सगळं करताना शेपूट हलत असते. रागानं चावला असता तर आपल्यालाही रागावता आलं असतं. हा आनंदानं चावतो.

डॉक्टरांनी त्याचा जबडा उघडून आम्हाला आत डोकवायला लावलं. २८ दुधाचे दात, दाढ एकही नाही. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की हे दात यायला लागतात. जबड्यात अजून जोर नसतो, ती कसर टोकं भरून काढतात. तीन-चार महिन्यांचं झालं की ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के दात येतात. “ते किती असतात?” बायकोनं विचारलं. “बेचाळीस,” डॉक्टर म्हणाले. परतीच्या वाटेवर आमच्यात फारसं बोलणं झालं नाही.

आता हे असं का होतं, तर त्यालाही शास्त्र आहे. किती जोरानं चावलं की दुसऱ्याला लागतं, हे पिल्लू भावंडांत लोळताना शिकतं. एकानं जरा जास्त दाबलं की दुसरं केकाटतं, खेळ थांबतो. असं पुन्हा पुन्हा झालं की दात आवरायची अक्कल येते. म्हणूनच पिल्लू निदान आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपाशी, भावंडांत राहू द्यावं म्हणतात. पुढचं शिक्षण आपल्या अंगावर. इथे ‘अंगावर’ हे अगदी शब्दशः घ्यावं.

डॉक्टरांचा पहिला सल्ला होता, चावला की भावंडासारखं मोठ्यानं विव्हळा. मी मनापासून विव्हळलो. अर्थात माणूस विव्हळतो तेव्हा तोंडातून जे येतं तेच आलं, “आई गं!” लोण्याला ते इतकं आवडलं की त्यानं दुसराही हात मागितला, आणि आतून आई लगबगीनं आली, “काय रे, काय हवंय?” दिवसभर हेच. मी “आई गं” म्हणायचो, आई हातातलं काम टाकून यायची आणि “उगाच हाका मारू नकोस” म्हणून परत जायची. पुढे कळलं की काही पिल्लं केकाटण्यानं थांबतात आणि काहींना त्यानंच चेव येतो. आमचा कुठल्या गटातला, हे सांगायला नको.

मग दुसरा उपाय: कंटाळवाणे व्हा. दात लागला की खेळ तिथेच संपवायचा. हात छातीशी घ्यायचे, नजर छताकडे, तोंडातून शब्द नाही. तरीही ऐकलं नाही तर उठून अर्धा मिनिट खोलीबाहेर जायचं. रागावून नाही, नुसतं निघून. पिल्लाला शिक्षा नको असते, गंमत हवी असते. दात लावला की गंमत उठून जाते, एवढं त्याच्या डोक्यात शिरलं की झालं.

हे वाचून मला फार धीर आला. कंटाळवाणेपणा ही माझी हक्काची जागा. ऑफिसच्या बैठकीत मी तोंड उघडलं की लोक मोबाइल उघडतात. पण लोण्यासमोर माझा हा नावलौकिक साफ धुळीला मिळाला. मी छताकडे पाहत उभा राहिलो की पायजम्याची नाडी लोंबायची. हलणारी वस्तू म्हणजे शिकार. नाडी आत खोचली की पायाचा अंगठा. अंगठा मिटून घेतला की टाच. इतक्या बारकाईनं माझ्यात रस घेणारा जीव मला आजवर भेटला नव्हता.

खरी अडचण मात्र लोण्याची नव्हतीच. एक पिल्लू आणि चार कायदे, ही होती. बायकोनं नियमांचा कागद फ्रिजवर चिकटवला. मुलीनं तो वाचला आणि चावला की किंचाळत पळत सुटायचं हा स्वतःचा नियम चालू ठेवला. पळणाऱ्या पोटऱ्या दिसल्यावर कुठलं पिल्लू बसून राहील? आणि आई तर विरोधी पक्षातच होती. “दात शिवशिवतात रे त्याचे, लेकराला कळतंय का?” असं म्हणून ती आपल्या शालीचं टोक त्याच्या पुढ्यात धरायची. शाल चालते म्हटल्यावर पडदा का नाही, पडदा चालतो तर माझी बाही का नाही, असा सरळ हिशेब त्यानं केला. त्याच्या तर्कात मला अजून खोट काढता आलेली नाही.

शेवटी चौघांचं एकमत झालं, तेही सगळ्यांच्या हाताला एकेक ओरखडा झाल्यावर. त्या संध्याकाळी पार्सल द्यायला आलेला मुलगा उघड्या दारातून बघतो तर काय, घरातले चारही जण चार भिंतींकडे तोंड करून गप्प उभे आणि मधोमध एक पिल्लू बसलेलं. त्यानं बेल वाजवली नाही. पार्सल उंबऱ्यावर ठेवून तो मागच्या मागे गेला.

संध्याकाळी हा प्रकार का वाढतो, ते बायकोनं शोधून काढलं. या वयाचं पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं. आमच्याकडे कौतुक करायला येणाऱ्यांची रीघ लागलेली, त्यामुळे त्याला झोपू देतो कोण? दिवेलागणीला कान मागे, डोळे तांबारलेले आणि सोफ्याभोवती गरगरा फेऱ्या सुरू झाल्या, की तो चावरेपणा नसतो, पेंग असते. आता आम्ही त्याला त्याच्या कोपऱ्यात नेतो, दिवा मालवतो, शेजारी बसून राहतो. कधीकधी माझी बाही तोंडात असतानाच झोप लागते. मग मीही तिथेच बसून राहतो. हात काढायची माझी छाती होत नाही.

शिवशिवणाऱ्या दातांना काहीतरी अधिकृत द्यावं लागतंच. ओलं फडकं पिळून, पीळ घालून फ्रीजरमध्ये कडक करायचं. ते चघळलं की हिरड्यांना गार वाटतं. देताना समोर बसावं, फडकं गिळून टाकायला याला वेळ लागत नाही. जे चघळायला द्यायचं त्यात आपलं नख रुतलं पाहिजे, नाहीतर ते फार टणक. वाळक्या हाडानं दात तुटू शकतो. फक्त फ्रीजरमध्ये काय ठेवलंय ते घरात सगळ्यांना सांगून ठेवावं. माझ्या मेव्हण्यानं बर्फ शोधताना एक गोठलेला मोजा बाहेर काढला, तेव्हापासून तो आमच्याकडे पाणी साधंच मागतो.

बाकी सल्लागारांना तोटा नाही. नाकावर टिचकी मारा, तोंड दाबून धरा, उलटा पाडून दमात घ्या. हे सगळं हसत हसत सांगणारे लोक पाहून मलाच कुणाला तरी चावावंसं वाटतं. मारलं की पिल्लू शिकतं ते एवढंच की हात जवळ आला म्हणजे धोका. मग ते खेळून नाही, घाबरून चावतं, आणि तो चावा वेगळा असतो. अंग ताठ, नजर रोखलेली, वाटीजवळ गेलं की गुरगुर, असं दिसलं तर ते खेळणं नव्हे; जाणकाराला दाखवावं.

एका बाबतीत मात्र मी गंमत करत नाही. दात लागून रक्त आलं, साधा ओरखडा जरी उठला, तरी वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं आणि आपल्या डॉक्टरांना विचारायचं. रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांची झाल्यावर देतात, तोवर ‘घरचंच आहे’ या भरवशावर राहू नये. घरचंच म्हणून सोडून द्यायला आईला आवडलं असतं. मी नळापाशी घड्याळ घेऊन उभा राहिलो.

गेल्या काही दिवसांत फरक पडलाय. धावत येतो, हात तोंडात धरतो, आणि दाब द्यायच्या आधी थांबतो. मग त्याला काहीतरी आठवतं आणि तो जाऊन दोरखंड घेऊन येतो. परवा एक दुधाचा सुळा चटईवर सापडला. बहुतेक दात तर पिल्लं गिळूनच टाकतात, म्हणून याचं घरात भारी कौतुक झालं. आईनं तो डबीत ठेवलाय. माझे दुधाचे दात कुठे आहेत, असं मी विचारलं तर म्हणाली, “तुझे कशाला ठेवू?”

काल दूरचे एक काका आले. दारातच थबकले, एक पाय आत, एक पाय बाहेर.

“चावत नाही ना हो?”

“नाही,” मुलगी म्हणाली.

“हल्ली नाही,” बायको म्हणाली.

मी छताकडे बघितलं, सवयीनं.

“छे हो,” आई म्हणाली, “नुसतं तोंडात धरतो.”

“काय तोंडात धरतो?”

“या ना, बसा,” आई म्हणाली. “पाय तेवढे वर घ्या.”