सख्ख्या बहिणीला नोटीस पोचवायला सात महिने

बाबा गेले त्याला सव्वा वर्ष झालं. बँकेत त्यांची एक एफडी, नॉमिनी लावलेला नाही. कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट आणा म्हणाले, म्हणजे मृताचे पैसे वारसांना मिळावेत म्हणून कोर्ट देतं तो दाखला. तेव्हापासून जे सुरू झालंय त्याने डोकं भणभणलंय.

वारसांना नोटीस काढण्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, हे आधी सांगतो. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे अर्जातच मृताच्या जवळच्या नातेवाइकांची नावं आणि राहण्याचे पत्ते द्यावे लागतात. योग्यच आहे ते. बहिणींना अंधारात ठेवून परस्पर सगळं नावावर करून घेणारे भाऊ गावोगाव आहेत. नोटीस हवीच. पण ती धड पोचवायची कुणी?

पहिल्या अर्जात आजीचं नावच नव्हतं. बाबांची आई, वय ८९, आमच्याच घरात राहते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मृताची आई ही बायको-मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गातली वारस. पैसे मोजून वकील केला, त्यांनी हे विचारूही नये? तिसऱ्या तारखेला कोर्टातच निघालं. मग दुरुस्ती अर्ज, पुन्हा प्रतिज्ञापत्र, पुन्हा नोटिसा. नोटीस घेऊन कोर्टाचा माणूस, बेलिफ, दारात आला तेव्हा आजी ओसरीवर शेंगा निवडत बसली होती. कागदावर बाबांचं नाव ऐकून तिने एवढंच विचारलं, "माझ्या पोरावर कुणी केस केली रे?" आई पदर तोंडाला लावून आत निघून गेली. चार शब्द आधी कुणी समजावून सांगितले असते तर त्या म्हातारीला हे बघावं लागलं नसतं.

आणि ताई! लग्नाला २२ वर्षं झालीत. कारकुनाने नाव उतरवलं जुन्या रेशनकार्डावरून, माहेरचं. नांदेडहून शेरा आला, "सदर नावाची व्यक्ती दिलेल्या पत्त्यावर मिळून आली नाही." कशी मिळणार? पाटीवर सासरचं नाव आहे! नाव दुरुस्त करून परत पाठवली, तर ताई शाळेत शिकवायला गेलेली. शेरा, "घर बंद". प्रत्येक वेळी नोटीस पोचवायची प्रोसेस फी नव्याने भरा आणि दीड महिन्यानंतरची तारीख घ्या. मधे वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, त्यात बाबांचं आडनाव चुकलं. तीही परत छापली, आमच्याच खर्चाने.

पण खरा संताप मला गेल्या आठवड्यात आला. कोर्टाच्या आवारात टायपिंगवाल्या काकांनी कागद पाहिले आणि म्हणाले, "अहो, बहिणीची हरकत नाही ना? मग तिने पहिल्याच तारखेला हजर राहून पुरसिस द्यायची, माझी हरकत नाही असं कोर्टाला लिहून द्यायचं. बेलिफ कशाला फिरवत बसलात?"

सात महिने! ताई पहिल्या दिवसापासून सही करायला तयार होती. रोज फोनवर विचारत होती, मी येऊ का म्हणून. आणि आमचे वकील सांगत होते, "गरज नाही, नोटीस लागू द्या." हा एक कागद त्यांना माहीत नव्हता असं मी मानायचं?

पुढची तारीख बुधवारी आहे. ताईने रजा टाकलीय. तिघींच्याही पुरसिस मी त्या काकांकडूनच टाइप करून घेतल्यात. आईची सही झाली. आजीचा अंगठा काल घेतला, शाई अजून तिच्या बोटावरून गेलेली नाही.